रुसलेले मामाही यादीत!

सध्या मी भेटेल त्याला धरून एक व्याख्या ऐकवतोय. बायको कंटाळली, ऑफिसातले चहाला जाताना मला चुकवायला लागले, तरी माझं सुरूच. प्रकल्प व्यवस्थापनाच्या पीएमपी परीक्षेसाठी तिचं पीएमबॉक गाइड हातात घेतलं, तेव्हा हेतू साधा होता: घोकायचं, परीक्षा द्यायची, मोकळं व्हायचं. आणि मध्येच ही व्याख्या आडवी आली!

स्टेकहोल्डर कोण? जो प्रकल्पावर परिणाम करू शकतो तो. ज्याच्यावर परिणाम होतो तो. इथवर ठीक, हे कुणीही सांगेल. पण पुढे वाचा: आपल्यावर परिणाम होतोय असं ज्याला वाटतं, तोसुद्धा! नुसतं वाटतं! पुरावा नको, नकाशा नको, सातबाऱ्यावर नाव नको. लग्नात मामांचा मान खरंच राहून गेला की नाही, याला काही अर्थ नसतो. राहून गेला असं त्यांना वाटलं की ते रुसले, आणि ते रुसले की मांडवाचं काय होतं ते आपण जाणतोच. हे शहाणपण चक्क आंतरराष्ट्रीय मानकात लिहून ठेवलंय! २०१२ च्या आयएसओ २१५०० मध्ये ते आहे, २०२० च्या आयएसओ २१५०२ मध्येही आहे. पीएमबॉकने तर २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत या मंडळींसाठी दहावं ज्ञानक्षेत्र उघडलं. तोवर त्यांचा कारभार 'कम्युनिकेशन'च्या प्रकरणात उरकला जात होता.

मग वर्गीकरणाकडे वळलो, आणि झोपच उडाली. सत्ता आणि रस यांचा चार घरांचा तक्ता सगळे शिकवतात. मला तो फसवा वाटतो. ज्याच्याकडे सत्ता नाही पण रस भरपूर, त्याला 'माहिती देत राहा' म्हणून एका घरात बसवलं की साहेब निवांत. खरी गंमत आहे ती मिचेल, अ‍ॅगल आणि वुड यांनी १९९७ मध्ये मांडलेल्या मॉडेलमध्ये. पीएमबॉकनेही ते आपलंसं केलंय. त्यात तीन वर्तुळं: सत्ता, हक्काची वैधता आणि निकड. ती एकमेकांवर चढली की सात प्रकारचे स्टेकहोल्डर निघतात. नुसती सत्ता असेल तर सुप्त. सत्ता आणि निकड आहे पण वैधता नाही, तो धोकादायक. वैधता आणि निकड दोन्ही आहेत पण सत्ता नाही, तो अवलंबित. तिन्ही असतील तर निर्णायक.

मी लगेच मुंबईचा कोस्टल रोड घेऊन बसलो. वरळी कोळीवाड्याच्या होड्या क्लीव्हलँड बंदरातून समुद्रात जातात. नेमकी त्यांच्या वाटेवर कोस्टल रोडला सी-लिंकशी जोडणारा पूल आला. दोन खांबांमध्ये अंतर ६० मीटर. महापालिकेच्या मते ते पुरेसं होतं. कोळ्यांचं म्हणणं, खवळलेल्या पाण्यात होडी खांबावर आपटेल, १६० मीटर हवेत. बरोबर कोण, हा वाद तज्ज्ञांनी घालावा. व्याख्येला तो सुटेपर्यंत थांबायची गरजच नाही, कोळी पहिल्या दिवसापासून यादीत! त्यांना वर्तुळांत बसवून पाहा. पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट, म्हणजे वैधता. रोजचं पोट त्यावर, म्हणजे निकड. सत्ता शून्य, म्हणून अवलंबित. आणि मग त्यांनी होड्या आडव्या घालून समुद्रातलं काम रोखलं. झालं, तिसरं वर्तुळ भरलं! अवलंबित होते ते निर्णायक झाले, आणि होड्यांच्या वाटेवरचं अंतर ६० वरून १२० मीटरवर गेलं. हे गुणधर्म कुणाला कायमचे चिकटलेले नसतात, हे त्या तिघांनी आधीच बजावून ठेवलंय. चार घरांच्या तक्त्यात हे कुठे दिसतं, सांगा!

प्रिन्स-टू या प्रकल्प व्यवस्थापनाच्या दुसऱ्या पद्धतीचा मामला आटोपशीर. व्यवसाय, वापरणारा आणि पुरवठादार, तिघांचेही हितसंबंध प्रोजेक्ट बोर्डवर हजर असलेच पाहिजेत. शिस्त चोख, पण होडीवाला यात सहज निसटतो.

आणि शेवटी पीएमबॉकमधला पाच रकान्यांचा कागद, कोण प्रकल्पाच्या किती बाजूने आहे ते मांडणारा! अनभिज्ञ, विरोधक, तटस्थ, पाठीराखा, पुढाकार घेणारा. प्रत्येक नावासमोर दोनच अक्षरं: आज जिथे आहे तिथे करंटचा 'सी', जिथे हवा तिथे डिझायर्डचा 'डी'. दोन अक्षरांमधलं अंतर म्हणजे तुमचं काम. कितीतरी नावांना 'तटस्थ'पर्यंत आणलं तरी पुरतं, हे पाहून तर मला हायसंच वाटलं. सगळ्यांना झेंडा हातात घ्यायला लावायचं नाहीये.

तुमच्या सोसायटीचा पुनर्विकास निघाला असेल तर आज रात्रीच हा कागद काढा. बिल्डर, आर्किटेक्ट, महापालिका ही नावं आपोआप पडतील. त्यांच्याखाली तळमजल्यावरचा इस्त्रीवाला लिहा, भाडेकरू लिहा, आणि आपला उजेड जाणार असं ज्यांना वाटतंय ती शेजारच्या इमारतीतली बिऱ्हाडंही लिहा. पहिला चहा त्यांच्याकडे घ्या, बिल्डरकडचा नंतर.