छत्तीस चौकोनांचा कारभार

मिनेसोटा राज्याच्या दक्षिण भागाचा नकाशा उघडला की आधी दिसतात ते चौकोन. मध्ये नदी असो, तळं असो, दलदल असो, दर सहा मैलांवर रेघ ओढलेलीच. या रेघांमधला ३६ चौरस मैलांचा तुकडा म्हणजे टाउनशिप. ग्रामीण वसाहतींचा भूगोल हा माझा अभ्यासाचा विषय, आणि त्यात या चौकोनाने मला सगळ्यात जास्त गुंतवून ठेवलं. आपल्याकडे गाव आधी वसतं, शीव मागाहून ठरते. इथे शीव आधी आखली गेली. माणसं नंतर आली, आणि परक्या हाताने आखलेल्या त्या शिवेतच त्यांनी आपला कारभार मांडला.

ही आखणी १७८५च्या भूमी अध्यादेशातून आली. स्वातंत्र्ययुद्धाच्या कर्जाखाली दबलेल्या नव्या राष्ट्राकडे पैसा नव्हता, पश्चिमेकडच्या जमिनीवर दावा मात्र होता. ती जमीन मोजून विकायची ठरली. थॉमस हचिन्स या सरकारी भूगोलतज्ज्ञाने ओहायो नदीकाठी, आजच्या ईस्ट लिव्हरपूलजवळून मोजणीला सुरुवात केली. माप होतं गंटरच्या ६६ फुटी साखळीचं: ८० साखळ्यांचा मैल, १० चौरस साखळ्यांचा एकर. मराठी शेतकऱ्याला हा हिशेब परका वाटणार नाही. आपल्या गुंठ्याची बाजू ३३ फुटांची, म्हणजे गंटरच्या साखळीच्या बरोबर निम्मी. म्हणून ४० गुंठ्यांचा आपला एकर आणि मिनेसोटातला एकर एकच.

टाउनशिपचे ३६ सेक्शन पडतात, प्रत्येक एक चौरस मैलाचा, ६४० एकरांचा. पहिला ईशान्य कोपऱ्यात. तिथून क्रमांक पश्चिमेला सहापर्यंत जातात आणि खालच्या ओळीत उलटे फिरतात, बांधापाशी वळणाऱ्या नांगरासारखे. १६ क्रमांकाचा सेक्शन शाळांसाठी राखलेला असे. १८४९ साली मिनेसोटा प्रदेश स्थापन झाला तेव्हा त्यात ३६ क्रमांकाचीही भर पडली.

कागदावरचा चौकोन जमिनीवर उतरताना मात्र अडतो. रेखावृत्तं उत्तरेकडे एकमेकांजवळ सरकतात, त्यामुळे ४५ अंश अक्षांशावर टाउनशिपची उत्तरेकडची बाजू दक्षिणेकडच्या बाजूपेक्षा सुमारे ४८ फुटांनी आखूड भरते. ही तूट आणि मोजणीतल्या चुका उत्तर व पश्चिम कडेच्या ११ सेक्शनांत ढकलायच्या, असा नियम झाला. शिवाय ठरावीक अंतरावर दुरुस्तीची रेघ टाकून तिथून पुन्हा पूर्ण रुंदीने मोजायला सुरुवात करायची. म्हणूनच मैलोन्मैल नाकासमोर जाणारा रस्ता एखाद्या ठिकाणी एकदम काटकोनात वळतो, थोडं बाजूला जातो आणि पुन्हा उत्तरेला लागतो. नवख्याला ते वळण विनाकारण वाटतं. पृथ्वी गोल आहे हे गाडी चालवताना कळावं अशा जागा जगात थोड्याच असतील, आणि त्यांतली ही माझी सर्वांत आवडती आहे.

ही जमीन मोकळी पडलेली नव्हती, हे इथे सांगायलाच हवं. दक्षिण मिनेसोटाचा मोठा भाग १८५१च्या ट्रॅव्हर्स दे सू आणि मेंडोटा या करारांनी डकोटा लोकांकडून काढून घेतला गेला. १८६२च्या युद्धानंतर त्यांना राज्यातूनच हाकलण्यात आलं. त्याच वर्षी होमस्टेड कायदा आला, आणि पाच वर्षं राहून कसणाऱ्याला पाव सेक्शन, म्हणजे १६० एकर, किरकोळ शुल्कात मिळू लागला. जो तो आपापल्या पाव सेक्शनवर घर बांधून राहिला. त्यामुळे टाउनशिपला गावठाण नाही, वेस नाही, पार नाही.

अशा विखुरलेल्या वस्तीला एकत्र यायचं मुख्य कारण म्हणजे रस्ता. कारभार पाहायला बहुतेक ठिकाणी तीन सुपरवायझर, एक क्लार्क आणि एक खजिनदार. सगळे तिथलेच रहिवासी. शेजाऱ्यांत कुंपणावरून तंटा झाला तर कायद्याने तोही सुपरवायझरांनीच पाहायचा. आगीच्या बंबासाठी बहुधा जवळच्या शहराशी करार असतो.

पण या व्यवस्थेचं बळ कळतं ते मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी, वार्षिक सभेत. सभा आधी आपला अध्यक्ष निवडते. सुपरवायझर त्या दिवशी इतरांसारखेच मतदार. जमाखर्च वाचला जातो, आणि मग पुढच्या वर्षी कर किती बसवायचा हे हजर असलेले मतदार स्वतः ठरवतात. सुपरवायझरांचं मंडळ शिफारस करतं, पण सभेने मंजूर केलेल्या आकड्यापुढे त्याला जाता येत नाही. बोलणं असतं ते खडी कुठे टाकायची, धूळ बसवायला कॅल्शियम क्लोराइड मारायचं का, बर्फ काढायचं कंत्राट कोणाला द्यायचं, याचं. बर्फ वितळून ज्याच्या दारातला रस्ता चिखल झाला आहे तो उठून बोलतो, आणि कराला हात वर करायची वेळ येते तेव्हा त्यालाही आपलाच खिसा आठवतो. मागणी आणि तिची किंमत एकाच माणसाच्या तोंडून, एकाच संध्याकाळी निघते. लोकशाहीची इतकी उघडी रीत मी दुसरीकडे क्वचितच पाहिली आहे.

आज ही सभा चालवायला माणसं अपुरी पडताहेत. सेक्शनच्या प्रत्येक कडेने रस्ता धरला आणि शिवेवरचे रस्ते शेजारच्या टाउनशिपशी निम्मे वाटून घेतले, तर एका टाउनशिपच्या वाट्याला ७२ मैल येतात. सगळे काही बांधले गेले नाहीत, काही काउंटीने वा राज्याने घेतले. तरी उरलेलं जाळं आखलेलं आहे ते दर १६० एकरांवर एक कुटुंब धरून. शेतं मोठी झाली, घरं ओस पडली, रस्ते मात्र तेवढेच राहिले.

देशातल्या २० राज्यांत मिळून अशी सुमारे १६ हजार शासनं आहेत, एकट्या मिनेसोटात सुमारे १,७८०. एवढी हवीत कशाला, काउंटीतच विलीन करा, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. टाउनशिप विसर्जित करायची वाट मिनेसोटाच्या कायद्यात आहेही. मला हा सल्ला पटत नाही. क्वचित वापरातल्या रस्त्याला ‘किमान देखभाल’ असा दर्जा देऊन त्यावरचा खर्च आवरायची मुभा टाउनशिपला आहे. तिथे पाटी लागते: स्वतःच्या जबाबदारीवर जा. तसा प्रस्ताव आला की त्या रस्त्याच्या टोकाला ज्याचं शेत, तो समोरच्या खुर्चीवरून आक्षेप घेऊ शकतो. काउंटीच्या अंदाजपत्रकात तो रस्ता केवळ एक आकडा ठरेल. टाउन हॉलमध्ये बसलेल्यांना मात्र ठाऊक असतं की ऑक्टोबरात मक्याचे ट्रक तिथूनच निघतात, आणि त्याआधी एकदा ग्रेडर फिरवायला किती लागेल.