ईलीच्या बाजारातलं भेकर

भेकराचं ओरडणं ज्यानं कधी ऐकलेलं नाही, त्याला रानात कुत्रं भुंकतंय असंच वाटतं. फरक कळतो तो लयीवरून. कुत्रं भुंकताना मध्येच गुरगुरतं, चढतं, थकतं. भेकर एकच सूर धरतं आणि ठरावीक अंतरानं तो सोडत राहतं, कधी कधी कितीतरी वेळ. माझं आजोळ कोयनेच्या खोऱ्यात, पाटण तालुक्यात. मे महिन्यात आम्ही सगळी मुलं अंगणात झोपायचो आणि डोंगराच्या अंगानं हा आवाज यायचा. आजी कुशीवर वळून म्हणायची, "बिबट्या फिरतोय जणू. गोठ्याचं दार बघा रं." मग मामा कंदील घेऊन एक फेरी मारून यायचे. भेकर मला दिसलं त्याच्या कितीतरी आधी असं ऐकून ठाऊक होतं.

दिसलं ते कॉलेजात असताना, चांदोलीच्या रानात. चांदोली तेव्हा अभयारण्य होतं. राष्ट्रीय उद्यान ते २००४ साली झालं. संध्याकाळी पाणवठ्याच्या वर बसलो होतो, आणि करवंदीच्या जाळीतून एक बुटकं, तांबूस जनावर पाय मोजून टाकत बाहेर आलं. पाठीला बाक, मान पुढे झुकलेली. कपाळावरून नाकाकडे उतरणाऱ्या दोन काळ्या रेघा, आखूड शिंगं आणि वरच्या ओठाबाहेर डोकावणारे बारीक सुळे. हरणाला सुळे असतात हे मला तोवर माहीत नव्हतं. नर त्यांनीच एकमेकांशी झुंजतात. ते एकटंच होतं. भेकरं कळपानं राहत नाहीत. पाण्याला तोंड लावण्याआधी त्यानं चारही दिशांना वास घेतला. सह्याद्रीत बिबट्या आणि कोळसून या दोघांचंही ते भक्ष्य, तेव्हा अशी सावधगिरी त्याला जन्मभर पाळावी लागते.

त्याची चव मात्र आमच्या घरात फक्त आजीला आणि तिच्या वयाच्या माणसांना माहीत होती. आजोबांकडे ठासणीची परवान्याची बंदूक होती. भातकापणी झाली की गावची पारध निघायची, हाकारे रान उठवायचे. शिकार मिळाली तर देवळासमोर वाटे पडायचे. बार टाकणाऱ्याला मांडी, हाकाऱ्यांना सारखे वाटे, आणि ज्या घरात कर्ता पुरुष नाही तिथे मागितल्याशिवाय एक वाटा पोचता व्हायचा. आजी हे सांगायची तेव्हा तिच्या बोलण्यात शिकारीची फुशारकी नसायची. ती रांधणाऱ्या बाईच्या अंगानं बोलायची. "रानातल्या मटणाला मेद नसतो बाई. तेलाला हात आखडायचा नाही आन् आच वाढवायची नाही. घाई केली की चामडं होतं." १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि हळूहळू ते दिवस संपले. आजोबांनी बंदूक जमा केली. त्यांनी त्याबद्दल कधी हळहळ केल्याचं मला आठवत नाही. रान विरळ होत चाललेलं त्यांना सगळ्यांच्या आधी दिसलं होतं.

पुढे एकदा गावाकडच्या एका जेवणात शेजारी बसलेल्या माणसानं वाटीतला रस्सा दाखवत हळू आवाजात सांगितलं, "रानातलं आहे." मी ताट सारलं आणि उठले. फासे लावून धरलेलं जनावर होतं ते. फाशाला नर-मादी, गाभण, पाडस काही कळत नाही. त्यात सापडलेलं जनावर रात्रभर तडफडतं आणि त्याच फाशात उद्या बिबट्याही अडकतो. आजोबांची पारध आणि हा चोरटा धंदा यांची मी बरोबरी करणार नाही, पण आज कोयनेत दोन्हींना जागा नाही. चांदोली आणि कोयना मिळून आता सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे. तिथं वाघ टिकायचा तर त्याच्यासाठी भेकर, सांबर, गवा टिकले पाहिजेत. माणसानं त्यात वाटा मागू नये.

लग्नानंतर मी इंग्लंडला, केंब्रिजजवळच्या सपाट मुलखात आले. डोंगर नावालाही नाही, पाणथळ उपसून काढलेली काळीभोर शेतं आणि क्षितिजावर ईलीचं कॅथीड्रल. पहिल्याच हिवाळ्यात एका रात्री मागच्या कुंपणापलीकडून भुंकणं ऐकू आलं. एकच सूर, ठरावीक अंतर. मी अंथरुणात उठून बसले. नवरा म्हणाला, शेजाऱ्यांचं कुत्रं असेल. कुत्रं नव्हे, हे मी शपथेवर सांगायला तयार होते. सकाळी गुलाबाचे सगळे कोवळे शेंडे खाल्लेले होते आणि ओल्या मातीत खुरांचे चिमुकले ठसे उमटले होते.

ते खरोखरच भेकर होतं. आपलं नव्हे, त्याचं चिनी भावंड. इंग्रजीत त्याला रीव्हज मंटजॅक म्हणतात. ईस्ट इंडिया कंपनीचे चहाचे निरीक्षक म्हणून कँटनला राहिलेले जॉन रीव्हज यांच्यावरून हे नाव पडलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेडफर्डच्या अकराव्या ड्यूकनं ते आपल्या वोबर्नच्या बागेत आणलं. तिथून आणि आसपासच्या इस्टेटींतून काही निसटली, काही मुद्दाम सोडली गेली, आणि आज दक्षिण आणि मध्य इंग्लंडमध्ये जिथं झुडूप आहे तिथं ती आहेत. याच ड्यूकनं चीनमध्ये नष्ट झालेल्या पेर डेव्हिड हरणाचा कळप वोबर्नला जपला आणि १९८५ साली त्याच कळपाचे वंशज चीनला परत गेले. एकाच बागेनं एक हरीण जगासाठी वाचवलं आणि दुसरं एका देशाच्या रानावर सोडलं, हे मला वाचलं तेव्हापासून विसरता आलेलं नाही.

दोन्ही भेकरं दिसायला इतकी जवळची, पण आतून फार वेगळी. भारतीय भेकराच्या मादीच्या पेशीत फक्त ६ गुणसूत्रं असतात, नराच्या पेशीत ७; सस्तन प्राण्यांत याहून कमी कुणातच आढळलेली नाहीत. चिनी भेकराची ४६, माणसाइतकीच. आपलं भेकर वीस किलोच्या पुढे भरतं, इथलं साधारण दहा ते अठरा किलोंचं. आवाज मात्र तोच, आणि संध्याकाळी जाळीतून बाहेर येताना पाय मोजून टाकण्याची रीतही तीच.

इथं त्याला खाणारं कुणी नाही. इंग्लंडातले लांडगे काही शतकांपूर्वी माणसानं संपवले, लिंक्स तर त्याच्याही आधी गेले. कोल्हा एखादं पाडस उचलतो, तेवढंच. मादी सात महिने गाभण राहते आणि व्यायल्यावर काही दिवसांतच पुन्हा माजावर येते. वीण बारमाही चालते. परिणाम जंगलात गेल्यावर कळतो. केंब्रिजशायरमधल्या मंक्स वुड या जुन्या रानात भेकरांनी केलेल्या नुकसानीचा शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं अभ्यास केला आहे. तोडलेल्या झाडांच्या बुंध्यांना फुटणारे धुमारे ती खातात, वसंतात जमिनीवर निळाई पसरणारी ब्लूबेलची फुलं खातात. झुडपांचा खालचा थर नाहीसा होतो आणि त्या थरात घरटं करणारा नाइटिंगेल राहायला जागा शोधत फिरतो. सफकमध्ये ब्रॅडफील्डच्या रानात कुंपण घालून हरणांना बाहेर ठेवलेले तुकडे आहेत. नाइटिंगेल तेच तुकडे पसंत करतात असं तिथल्या पाहणीत दिसलं. मी ज्या प्राण्याच्या आवाजावर लहानपणी रान जिवंत आहे असं समजायचे, तोच आवाज इथं रान पोखरलं जात असल्याची खूण आहे. हे पचवायला मला बरीच वर्षं लागली.

ईलीला ठरावीक शनिवारी शेतकऱ्यांचा बाजार भरतो. मातीसकट गाजरं, बीट, घरची चीजं, मध, आणि एका ठेल्यावर रानातलं मांस: रानससा, फेझंट, कबुतर, हरणाचे दोन-तीन प्रकार. तिथल्या पाटीवर मंटजॅक लिहिलेलं मी किती वेळा वाचून पुढे गेले असेन. शेवटी एकदा थांबले आणि विक्रेतीला विचारलं, हे येतं कुठून? तिनं मोकळेपणानं सांगितलं. तिचा नवराच आसपासच्या रानमालकांच्या परवानगीनं मारतो. शिकाऱ्याला जनावर तपासण्याचं प्रशिक्षण घ्यावं लागतं, प्रत्येक जनावराला त्याची नोंद असलेली पट्टी लागते. इतर हरणांना इथं विणीचा बंद काळ असतो, मंटजॅकला इंग्लंडमध्ये तो नाही, कारण त्याची वीण थांबतच नाही.

मग मी तिला विचारायला अवघड असलेलं विचारलं. बारमाही वीण असेल तर प्रत्येक मादीमागे दूध पिणारं पाडस असणार, त्याचं काय? ती क्षणभर थांबली. म्हणाली, म्हणूनच जाणता शिकारी एक तर लहान मादी मारतो किंवा पोट पूर्ण भरलेली गाभण, म्हणजे आधीचं पाडस तोवर स्वतःचं स्वतः खायला लागलेलं असतं आणि मागे उपाशी मरणारं कुणी राहत नाही. ऐकून पोटात कालवलं. पण तिनं ते लपवलं नाही आणि गोडही करून सांगितलं नाही. सुपरबाजारात प्लास्टिकखाली ठेवलेल्या कोंबडीबद्दल इतकं खरं मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. मी मांडी घेतली, नराची.

तिचा सल्ला होता, भट्टीत कडक आचेवर थोडाच वेळ भाजा, आतून गुलाबी राहू द्या. या मांसाला ही रीत शोभते हे मी नंतर तिच्याच हातचं चाखून मान्य केलं आहे. पण माझ्या हाताला रस्सा येतो, आणि माझ्याकडे आजीची दोन वाक्यं होती. तिच्याकडून हाड करवतीनं कापून तुकडे करून घेतले. इथले खाटीक हाडासकट तुकडे आपणहून करत नाहीत.

घरी पिशवी उघडली. रंग पिकलेल्या जांभळासारखा गडद, वास जवळपास नाहीच. मेंढीच्या मटणाचा उग्रपणा त्यात अजिबात नव्हता. चरबी शोधून सापडेना. मांसावर ताणलेला चकचकीत पांढरा पडदा पातळ सुरीनं सोलून काढला. तो राहिला तर शिजताना आकसतो आणि तुकडा वेडावाकडा होतो. आलं, लसूण, हळद, मीठ चोळून रात्रभर ठेवलं. दह्याला हात लावला नाही, आमच्याकडे मटणाला दही लावत नाहीत.

दुसऱ्या दिवशी जाड बुडाच्या पातेल्यात, नेहमीच्या दुप्पट तेलात कांदा परतला, त्यात तुकडे टाकले, झाकणावर पाणी ठेवलं आणि आच मंद केली. कुकर काढला नाही. ज्या मांसात मेद नाही ते कुकरच्या वाफेत दोऱ्या दोऱ्या होतं. पहिलं अळणी तयार झालं तेव्हा वाटीत घेऊन पाहिलं: बोकडाच्या अळणीवर तरंगतात ते तुपकट थेंब नव्हते, पाणी निखळ होतं. चवीला मात्र भरीव, काळजाच्या चवीची हलकी छटा असलेलं, आणि शेवटी किंचित गोडसर. मी मसाला निम्मा केला तो तिथेच. कराडहून आलेला कांदा-लसूण मसाला बोकडाच्या चरबीशी झुंजायला केलेला असतो, इथं त्याच्यासमोर कुणी नव्हतं. सुकं खोबरं खमंग भाजून, थोडे तीळ आणि खसखस घेऊन वाटण केलं. हरवलेला मेद खोबऱ्यानं भरून काढला. उतरवताना दोन आमसुलं टाकली, आजोळ कोकणच्या कड्यावर असल्याची ती आमच्या घरची सवय. दोन तासांनी मांस हाडापासून सुटलं, पण तुकडा तुकडाच राहिला, विरघळला नाही. नाचणीच्या भाकरीबरोबर वाढलं. कट आला नाही, आणि त्याची उणीवही भासली नाही.

मुलगी इथंच वाढलेली, तिनं पहिला घास घेण्याआधी विचारलं, "आई, तिकडे भेकराला हात लावणाऱ्याला तू गुन्हेगार म्हणतेस, मग हे काय?" मी तिला म्हटलं, तिकडे त्याच्यावर बिबट्याचा हक्क आहे, इथं बिबट्या नाही. कोयनेत एक भेकर कमी झालं तर रानातलं एक जेवण कमी होतं. इथं एक कमी झालं तर ब्लूबेलचा एक वाफा फुलायला मोकळा होतो. जनावर निरपराधच आहे, दोन्हीकडे. इथं त्याला माणसानं आणलं, त्याचे शत्रू माणसानं संपवले, तेव्हा त्याचा भारही माणसानंच उचलायचा, आणि मारायचंच असेल तर नीट नेम धरून मारायचं आणि त्यातला घासही वाया घालवायचा नाही. ती ऐकत होती. तिला सगळं पटलं असं मी म्हणणार नाही. जेवली मात्र नीट, आणि नळी चोखायला मागून घेतली.

तेव्हापासून आमच्याकडे बोकडापेक्षा मंटजॅक जास्त शिजतं. मांडीचा रस्सा, खांद्याचा खिमा, हाडांचं अळणी. इंग्लंडात राहणाऱ्या मराठी मंडळींना माझं सांगणं आहे की शेतकऱ्यांच्या बाजारात ते दिसलं तर मागे फिरू नका. विचारा कुठून आलं, कुणी मारलं. सांगणारा सरळ सांगत असेल तर हाड कापून घ्या, तेलाला हात आखडू नका आणि आच वाढवू नका. सह्याद्रीत राहणाऱ्यांना सांगणं उलटं आहे. कुणी "रानातलं आहे" म्हणून वाटी पुढे केली तर ती घेऊ नका, आणि फासे दिसले तर कळवा. महाराष्ट्र वनविभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे.