दोन 'च' आणि पाच स्पीकर

ज्या भाषेत घरातील माणसे भांडतात आणि ज्या भाषेत ती गाणे ऐकतात, ती त्या घराची खरी भाषा, असे आमचे जुने मत आहे. इंदुरात चार-पाच पिढ्या काढलेल्या मराठी घरांना तर हे विशेष लागू पडते. उंबरठ्याबाहेर हिंदी, कचेरीत हिंदी, शाळेतही हिंदी. मराठी उरते ती स्वयंपाकघरात, देवघरात आणि अलीकडे दूरचित्रवाणी संचापुढे. त्यामुळे त्या संचाचा आवाज कसा असावा, हा प्रश्न वरकरणी चैनीचा दिसला, तरी आमच्या लेखी तो गृहशिक्षणाचा आहे.

प्रश्न उपस्थित केला तो चिरंजीवांनी. आमच्या दिवाणखान्यात बरीच वर्षे पाच लहान स्पीकर आणि घुमणाऱ्या आवाजासाठी एक सबवूफर अशी योजना आहे. ती आता जुनी झाली, स्पीकर बदलावेत आणि त्याबरोबर वायरीही भारी घ्याव्यात, असा त्यांचा प्रस्ताव होता. त्यांनी दुकानातून अंदाजपत्रकही आणले. एकंदर रकमेचा जवळजवळ तिसरा हिस्सा नुसत्या वायरींचा होता! सरकारी शाळेत मुख्याध्यापकी करताना खडूच्या खोक्यांचाही हिशेब द्यावा लागतो. तो संस्कार जागा झाला आणि आम्ही अंदाजपत्रकावर शेरा मारला : "आधी गरज सिद्ध करावी."

गरज सिद्ध केली ती आमच्या वडिलांनी. अण्णांचे वय चौऱ्याऐंशी. वि. वा. शिरवाडकरांचे १९७० साली रंगभूमीवर आलेले 'नटसम्राट' हे त्यांचे दैवत. त्यावरचा २०१६ सालचा चित्रपट लावला, की ते खुर्ची पुढे ओढून बसतात. पण मध्येच म्हणतात, "अरे, आवाज ऐकू येतो, बोलणे ऐकू येत नाही."

या एका वाक्यात सारे शास्त्र आले आहे. बोलण्यातील स्वरांचे बळ बहुतांशी १००० हर्ट्झच्या खालच्या कंपनांत असते. 'स', 'श' यांसारख्या ऊष्म वर्णांचे बळ मात्र कितीतरी वर, ४००० हर्ट्झच्या आसपास आणि त्याहूनही पुढे जाते. वाढत्या वयात कान प्रथम हाच वरचा प्रदेश गमावतो. स्वर पोहोचतात, व्यंजने वाटेत गळतात. कानाच्या डॉक्टरांनी अण्णांना श्रवणयंत्र दिले आहे आणि त्याला पर्याय नाही. परंतु यंत्राच्या आधी जो आवाज खोलीत पसरतो तोच गढूळ असला, तर यंत्र तरी गाळून किती गाळणार?

या कथेतील दुसरे पात्र आमची सहा वर्षांची नात. मराठीत 'च' दोन आहेत. अंक 'चार' यातला 'च' तालव्य, आणि "गुरे चार" म्हणतो त्यातला दंततालव्य. 'जग' म्हणजे विश्व आणि 'जग' म्हणजे आयुष्य काढ, हे दोन शब्द कागदावर जुळे भाऊ असले, तरी जिभेवर वेगळे आहेत. हिंदी वातावरणात वाढणाऱ्या मुलांच्या तोंडी या जोडीतला एकच भाऊ राहतो. नात 'चमचा' म्हणे तो थेट हिंदीतला. आता दंततालव्य 'च'मध्ये 'स'चा अंश असतो आणि तालव्य 'च'मध्ये 'श'चा. म्हणजे हा भेदही त्याच वरच्या कंपनांत दडलेला. आजोबांच्या कानातून जे निसटत होते, नेमके तेच नातीच्या कानात पडायला हवे होते. एका स्पीकरने दोन पिढ्यांचे काम करावयाचे होते.

तो स्पीकर कोणता, याचे उत्तर चित्रपटगृहात सापडते. तेथील पडद्याला बारीक छिद्रे असतात आणि स्पीकर त्याच्या मागे असतात. पात्राच्या मुखातूनच शब्द यावा, म्हणून संवाद मुख्यत्वे मधल्या स्पीकरकडे सोपवितात. 'शोले' १९७५ साली सत्तर मिलिमीटरच्या पडद्यावर अनेक वाहिन्यांच्या ध्वनीसह आला, तेव्हा उडविलेल्या नाण्याचा खणखणाट ऐकून लोक खुर्च्यांखाली नाणे शोधू लागले, अशी गोष्ट सांगतात. नाणे बाजूला पडते, पाऊस मागे पडतो. माणूस मात्र मधूनच बोलतो. घरच्या योजनेतही तीच व्यवस्था आहे. जुन्या नाटकांच्या चित्रणात दोनच वाहिन्या असल्या, तरी दोन्हींतला समान आवाज वेगळा काढून मधल्या स्पीकरकडे धाडण्याची सोय रिसीव्हरमध्ये असते.

आमचा मधला स्पीकर कपाटाच्या तळच्या खणात, आत सरकवून ठेवलेला होता. तो बिचारा वर्षानुवर्षे आमच्या गुडघ्यांशी बोलत होता.

खरेदीपूर्वी आम्ही आमचे जुने शस्त्र बाहेर काढले : श्रुतलेखन. चित्रपटातल्या संवादांतून वीस शब्द निवडले. प्रत्येक शब्दापाशी चित्रपट थांबवायचा, अण्णांनी तो लिहायचा आणि नातीने म्हणून दाखवायचा. पहिल्या दिवशी अण्णांना वीसपैकी अकरा गुण पडले. मग स्पीकर खणाच्या कडेपर्यंत पुढे ओढून, खाली लाकडाची पाचर देऊन कानांच्या दिशेने तिरपा केला. नात शाळेचा कोनमापक घेऊन आली. बैठकीच्या जागेपासून सुतळी धरून डावा-उजवा स्पीकर मध्यापासून तीस-तीस अंशांवर आणला, मागचे दोन शंभर ते एकशे वीस अंशांच्या दरम्यान, कानांपेक्षा किंचित उंच बसविले. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. सारे आवाज कानी एका वेळी पोहोचावेत, म्हणून प्रत्येक स्पीकरचे अंतर मोजून रिसीव्हरला सांगितले. उघड्या फरशीवर सतरंजी घातली, खिडकीला जाड पडदा लावला. रिकाम्या वर्गात मागच्या बाकावरच्या मुलाला शब्द का घुमून ऐकू येतात, हे शिक्षकाला वेगळे शिकवावे लागत नाही. अण्णांचे गुण पंधरा झाले. खर्च सतरंजी आणि पडद्यापुरता.

राहिल्या वायरी. दुकानातील गृहस्थ त्यांच्या शुद्धतेविषयी असे बोलत होते, की गंगाजलाची आठवण व्हावी. आम्ही गणित मांडले. दीड चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला साधारण १२ ओहम. आमचा सर्वांत दूरचा स्पीकर वायरीच्या वाटेने दहा मीटरवर. जाऊन-येऊन वीस मीटर. रोध भरला ०.२४ ओहम. आठ ओहमच्या स्पीकरपुढे हा तीन टक्के. त्याने आवाजात पडणारा फरक पाव डेसिबलच्या घरात. तो चौऱ्याऐंशीच्या कानाला कळणार नाही आणि सहाच्याही नाही. पुढच्या स्पीकरांचे अंतर तर याहून पुष्कळच कमी. विजेच्या सामानाच्या दुकानातली साधी, अस्सल तांब्याची वायर आम्ही आणली. काळजी घेतली ती एवढीच, की टोके घट्ट बसावीत आणि लाल टोक लालला, काळे काळ्यालाच लागावे. एखाद्या स्पीकरची टोके उलटली, की दोन स्पीकर एकमेकांविरुद्ध ढकलाढकली करतात. खालचे सूर हरवतात आणि बोलणे पोकळ होते.

वाचलेल्या पैशांतून एकच मधला स्पीकर चांगला घेतला. दुकानात स्फोट आणि मोटारींचा पाठलाग ऐकवू लागले; आम्ही नम्रपणे मराठी संभाषण लावावयास सांगितले. उरलेले चार स्पीकर जुनेच ठेवले. चिरंजीव थोडे खट्टू झाले, पण अण्णांची वही पाहून तेही हसले. वीसपैकी अठरा! मधला स्पीकर इतरांपेक्षा दोन-तीन डेसिबल वर ठेवला आहे, आणि रात्री मोठे आवाज दाबून बारीक आवाज उचलण्याची रिसीव्हरमधली सोय वापरतो. शेजाऱ्यांशीही सलोखा राहतो.

बालगंधर्वांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकताना मात्र मागचे स्पीकर बंद असतात. त्या गाण्यात वाहिनी एकच. तबकडीच्या एका बाजूस साडेतीन मिनिटांच्या आसपास जागा, आणि तेवढ्यात त्यांनी जे मांडले त्यात कोणतीही वायर भर घालू शकत नाही.

आमच्यासारख्या परप्रांतीय मराठी घरांना म्हणून एवढेच सुचवावेसे वाटते, की दुकानात जाण्याआधी घरातील सर्वांत थोरले आणि सर्वांत धाकटे माणूस शेजारी बसवावे, पाच मिनिटे मराठी बोलणे लावावे आणि दोघांची परीक्षा घ्यावी. त्यांचे गुण तेच त्या यंत्राचे गुण. आमच्याकडे परीक्षक आता बदलले आहेत. परवा अण्णा सहज "जग फार बदलले" म्हणाले, तर नातीने विचारले, "आजोबा, यातला कोणता जग?" आणि दोन्ही शब्द, दोन्ही उच्चारांनिशी, म्हणून दाखविले.