गोठ्यातली बोटभर माणसं



नाताळ होऊन गेला. गोठा आवरला, मूर्ती जुन्या लुगड्यात गुंडाळून पेटीत ठेवल्या आणि पेटी साक्रिस्टीच्या कपाटावर गेली. गेली काही वर्षं आपल्या धर्मग्रामात गोठ्याचं काम माझ्याकडे आहे. पण यंदा ते करताना एका प्रश्नाने मला सोडलं नाही. छोट्या मूर्ती रंगवणं, छोटे देखावे उभे करणं, हा छंद ख्रिस्ती माणसाला देवाजवळ नेतो, की नुसता वेळ खातो?

प्रश्न माझ्या भाच्यामुळे निघाला. तो हैदराबादला एका कंपनीत होता. पावसाळ्याच्या सुरुवातीला नोकरी गेली आणि तो आदिलाबादला घरी परत आला. सामानात कपडे कमी आणि रंगांच्या बाटल्या जास्त. त्याचा छंद म्हणजे काल्पनिक गोष्टींतल्या मूर्ती रंगवायच्या: बुटके योद्धे, जादूगार, सुळे बाहेर आलेले ऑर्क, पंख पसरलेले अजगर. उंची साधारण २८ मिलिमीटर, म्हणजे बोटाच्या एका पेराहून थोडी जास्त. तो दिवसभर खोलीत दिव्याखाली बसायचा. बोलणं कमी झालं, रविवारची मिस्साही चुकू लागली.

ताई एक दिवस म्हणाली, "तू तरी बोल त्याच्याशी. माझं ऐकत नाही." आणि आपल्या मंडळीतले एक ज्येष्ठ काका मला चर्चच्या पायरीवर थांबवून म्हणाले, "ख्रिस्ती घरात ही भुतंखेतं कशाला? योहानाने पहिल्या पत्राचा शेवट कशाने केला आहे, ते वाचा." त्या पत्राचं शेवटचं वचन मूर्तींपासून दूर राहण्याबद्दल आहे, हे मलाही ठाऊक होतं. काकांची काळजी खोटी नव्हती. माणूस स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तूत अडकू शकतो. वस्तू देवाची असो की अजगराची, अडकणं तेच.

पण अजगराला घाबरून चालणार नाही. तो आपल्या पवित्र शास्त्रातही आहे. ईयोबाच्या पुस्तकाच्या ४१व्या अध्यायात देव स्वतः लिव्याथानाचं वर्णन करतो, आणि ते असं बारकाईने करतो की चितारणाऱ्याला खवल्यांची रांगसुद्धा कळावी. प्रकटीकरणाच्या १२व्या अध्यायात अजगर आहे आणि त्याच्याशी लढणारा मीखाएलही आहे. कितीतरी चर्चमध्ये महादूत मायकलच्या पायाखाली आणि संत जॉर्जच्या भाल्याखाली तो आपण पाहतो. जी. के. चेस्टरटन या इंग्रज लेखकाला लहानपणापासून पुठ्ठ्याच्या खेळण्यातल्या नाट्यगृहाचं वेड होतं. १९०९ साली आलेल्या एका निबंधसंग्रहात त्याने म्हटलं आहे, त्याचा आशय असा: राक्षसाची भीती मुलाच्या मनात आधीपासूनच असते, परीकथा त्याला राक्षसाला हरवणारा वीर देते. भाच्याच्या टेबलावरचे बुटके आणि ऑर्क ज्या कथांमुळे जगभर पोहोचले, त्या लिहिणारा टॉल्किनही श्रद्धावान कॅथलिक होता.

म्हणून मी भाच्याला उपदेश केला नाही. पेटीतला मेंढपाळ काढला आणि त्याच्या टेबलावर ठेवला. मूर्ती प्लास्टरची, वीतभर उंच. नाक तुटलेलं आणि चेहऱ्यावर कोणीतरी कधीकाळी दिलेला सपाट गुलाबी ऑइलपेंट.

त्याने मूर्ती फिरवून पाहिली. म्हणाला, "मामा, याला सावलीच नाही. म्हणून हा मेल्यासारखा दिसतो."

मग त्याने मला समजावलं. मूर्ती धुऊन आधी अस्तर द्यायचं, नाहीतर रंग धरत नाही. मग मूळ रंगाचा पातळ थर. त्यानंतर खूप पातळ केलेला गडद रंग वरून सोडायचा. तो आपोआप सुरकुत्यांत, कापडाच्या घड्यांत, बोटांच्या फटींत उतरतो. शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट रंग उंचवट्यांवर हलकेच फिरवायचा. खोलगट जागी अंधार बसला की मगच चेहरा उठून येतो.

राहिलं नाक. त्यासाठी आम्ही निर्मलला गेलो. आदिलाबादहून हैदराबादच्या रस्त्याने महबूब घाट उतरून सुमारे ८० किलोमीटर. २०१६च्या ऑक्टोबरपर्यंत निर्मल आपल्याच जिल्ह्यात होतं. आता तो वेगळा जिल्हा आहे. तिथले नक्काश कारागीर पिढ्यान्‌पिढ्या लाकडी खेळणी करतात, आणि २००९ साली त्या खेळण्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. पोनिकी नावाच्या झाडाचं लाकूड इतकं हलकं आणि मऊ असतं की त्यातून हरणाचे कान आणि पोपटाची चोचही निघते. तुकडे जोडायला आणि आकार भरायला लाकडाचा भुसा चिंचोक्याच्या खळीत मळून लगदा करतात. त्यावर पांढऱ्या मातीचा हात, मग घासणं, मग रंग.

भाच्याने खिशातून आपला अजगर काढून एका वयस्क कारागिराला दाखवला. त्यांनी तो उजेडात धरला, पंखाची खालची बाजू पाहिली आणि उर्दू-तेलुगू मिसळून एकच विचारलं, "खाली काय लावलंस?" देवाचा की भुताचा हा प्रश्नच नव्हता. कारागिराने कारागिराला विचारलं होतं. जो मुलगा कित्येक महिने घरच्यांशीही धड बोलत नव्हता, तो तिथे अर्धा तास बोलत उभा राहिला. परत येताना आमच्याकडे पोनिकीचे दोन तुकडे होते आणि लगद्याची कृती पाठ झाली होती.

बंधुभगिनींनो, देवाने एका माणसाला आपल्या आत्म्याने भरलं आणि सोनं, रुपं, पितळ, पाषाण व लाकूड यांवर काम करण्याचं कौशल्य दिलं, हे आपण निर्गमच्या ३१व्या अध्यायात वाचतो. त्याचं नाव बसालेल. तो राजा नव्हता, संदेष्टा नव्हता. हाताचं कौशल्यही देवाचं दान आहे, हे मोशेच्या काळापासून आपल्याला सांगितलेलं आहे. प्रश्न एवढाच, की ते दान आपल्याला कुठे नेतं.

याचं उत्तर मला गोठ्याच्याच इतिहासात सापडलं. १२२३ साली असिसीकर संत फ्रान्सिसने इटलीतल्या ग्रेच्चो या डोंगरातल्या गावी नाताळ साजरा केला. पंधरा दिवस आधी त्याने जॉन नावाच्या ओळखीच्या माणसाला तयारी सांगितली: गव्हाण, गवत, बैल आणि गाढव. लूकच्या शुभवर्तमानात बैल आणि गाढव नाहीत. ख्रिस्तसभेने ते यशयाच्या पहिल्या अध्यायातून घेतले, जिथे जनावरं आपला धनी ओळखतात पण माणसं ओळखत नाहीत. त्या रात्री ग्रेच्चोत एकही मूर्ती नव्हती. गावकरी मशाली घेऊन आले, गव्हाणीवर मिस्सा झाली. फ्रान्सिसचा चरित्रकार चेलानोचा थॉमस सांगतो, की तिथल्या एका माणसाला दर्शन घडलं: गव्हाणीत एक बाळ निपचित पडलेलं होतं आणि फ्रान्सिस जवळ जाताच ते झोपेतून जागं झालं. थॉमसने त्याचा अर्थही दिला आहे. पुष्कळांच्या अंतःकरणात येशू विसरला गेला होता, तो पुन्हा जागा झाला.

पहिल्या गोठ्याचं काम हे होतं. झोपलेलं काहीतरी जागं करणं.

संत इग्नाशियसने आपल्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकात, ज्याला १५४८ साली पोपमहोदयांची मान्यता मिळाली, नाताळचं मनन कसं करावं ते शिकवलं आहे. नाझरेथहून बेथलेहेमचा रस्ता डोळ्यांपुढे आणा, तो किती लांब, किती रुंद, सपाट की दऱ्याखोऱ्यांतून? गुहा केवढी, तिचं छत उंच की बुटकं, आत सामान काय? हे तर देखावा करणाऱ्याचेच प्रश्न आहेत! पण इग्नाशियस तिथे थांबत नाही. तो सांगतो, आता तुम्हीही आत जा, गरीब सेवकासारखे उभे राहा, पवित्र मरिया आणि संत योसेफ यांच्याकडे पाहा आणि त्यांना लागेल ते करा. देखावा बाहेरून पाहण्यासाठी नाही.

मी हे भाच्याला सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मग मामा, सेवा करणारं कोणीतरी गोठ्यात हवं. आपल्याकडचं."

आगमनकाळ म्हणजे आपल्याकडे कापूस वेचणीचे दिवस. पोनिकीच्या तुकड्यातून त्याने वेचणारी बाई कोरली. डोक्यावर पदर, कमरेला भरलेली ओटी, हातात पाण्याची कळशी. लगद्याने मेंढपाळाचं नाक भरलं, त्याच्या अंगावर धनगराची घोंगडी आली. गोठ्याच्या भिंतींना पऱ्हाट्या, छपराला सागाची वाळलेली पानं, जमिनीला चाळून डिंकावर पसरलेली शेतातली काळी माती. दिवाळीत मावळ्यांचा किल्ला केलेल्या हातांना हे काही नवं नव्हतं.

कळशीवाली बाई बेथलेहेमात कुठून आली, असं काहींनी विचारलं. पोप फ्रान्सिस यांनी १ डिसेंबर २०१९ रोजी ग्रेच्चोतच सही केलेल्या पत्रात गोठ्याविषयी लिहिलं आहे. शुभवर्तमानात नसलेली माणसं, म्हणजे लोहार, पाववाले, पाणी आणणाऱ्या बाया, खेळणारी मुलं, लोक गोठ्यात ठेवतात, याचं त्यांनी कौतुक केलं होतं. येशूच्या येण्याने रोजचं साधं जगणं पवित्र झालं, म्हणून ती तिथे असतात.

नाताळच्या रात्री मिस्सेनंतर लोक गोठ्यापाशी आले. रोजाने कापूस वेचणारी एक मावशी बराच वेळ वाकून पाहत होती. भाचा जवळच उभा होता. ती त्याला म्हणाली, "पोरा, बाई छान केली. पण भरली ओटी घेऊन कोणी पाणी आणायला जात नाही. आधी ओटी रिकामी करतात. तिची पाठ मोडेल ना!"

तो हसला नाही, रागावलाही नाही. त्याने विचारलं, "मावशी, किती वजन होतं ओटीत?" मग दोघं बोलत बसली. दिवसभर वाकून काय होतं, बोंडाच्या टोकांनी बोटं कशी चिरतात, काटा कोण धरतो, पैसे कधी मिळतात. नाताळनंतर दोन दिवसांनी तो तिच्यासोबत वावरात गेला. आल्यावर बाईची ओटी कापून रिकामी केली आणि भरलेलं गाठोडं तिच्या पायाशी ठेवलं. बोटांच्या टोकांवर अगदी बारीक लाल रेघा ओढल्या. त्या आठवड्यात त्याने आणखी एक गोष्ट केली. मावशीच्या मुलाचा शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज अडकला होता, तो बसून भरून दिला.

मला मिळालेलं उत्तर इथे आहे. अठ्ठावीस मिलिमीटरच्या चेहऱ्यावर सावली कुठे पडते हे शोधणारा डोळा जिवंत माणसाच्या चेहऱ्यावरची सावलीही ओळखू शकतो. तो तिकडे वळला, तर छंद प्रार्थनेच्या जवळ येतो. टेबलावरून उठलाच नाही, तर काकांचा इशारा खरा ठरतो; मग मूर्ती बाळ येशूची असली तरी.

काकांचं मत बदललेलं नाही, आणि अजगर अजून भाच्याच्या खिडकीत आहे. नोकरी मिळालेली नाही. मुलाखती चालू आहेत. रविवारी तो मागच्या बाकावर बसतो. कधी येतो, कधी येत नाही. ताई काळजी करते, पण आता त्याच्या खोलीचं दार उघडं असतं.

तुमच्या घरातही कोणी मूल, कोणी तरुण खोली बंद करून काहीतरी जोडत, रंगवत बसला असेल. त्याला हाक मारण्याआधी आत जाऊन पाहा, तो काय करतोय. विचारा, "खाली काय लावलंस?" कदाचित त्याच्याकडे ख्रिस्तसभेला हवं असलेलं दान असेल आणि ते मागायला अजून कोणी आलं नसेल.

आपण प्रार्थना करू या. हे प्रभू येशू, तू सुताराच्या घरी वाढलास. लाकूड, रंधा आणि भुसा तुझ्या ओळखीचे आहेत. आमच्या हातांना काम दे आणि डोळ्यांना जाग दे. काम नसल्याने खचलेल्या तरुणांना धीर दे. वाकून राबणाऱ्यांची पाठ तू सावर, आणि त्यांच्या ओझ्याला हात लावायला आम्हांला शिकव. आमेन.