गाईच्या मापाचा काटा

आमच्या नगरकडे काट्यावर कुणाचा विश्वास नाही. ऊस घालणाऱ्या घरात काटामारी म्हणजे काय, हे पोराटोरांनाही शिकवावं लागत नाही. त्यामुळे गोठ्यासाठी वजनकाटा घ्यायचा विषय मी काढला, तेव्हा नानांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, किंमत विचारलीच नाही. ते म्हणाले, “खरं बोलतो का खोटं, हे तुला कळनार कसं?” काटा निवडताना मला पुढे जेवढे प्रश्न पडले, त्यांत हाच सगळ्यात कामाचा निघाला.

खरं तर गाय कुणी किलोवर घेत नाही. लोणीचा बाजार असो की काष्टीचा, वेत कितवं, दूध किती, दात किती, कास कशी, एवढ्यावर सौदा होतो. किलोचा भाव बोकडाला. मग दुधाच्या गोठ्यावर काटा हवाच कशाला, असं आमच्या गल्लीत बऱ्याच जणांनी विचारलं. काही विचारण्यासाठी, काही नुसतं हसण्यासाठी.

मला तो कालवडींसाठी हवा होता. आमचा मुक्तसंचार गोठा आहे, गाई संकरित होल्स्टीन, आणि पुढची गाय बाजारातून न आणता घरच्या वासरातून उभी करायची असं आम्ही ठरवलेलं. कालवड पंधरा-सोळा महिन्यांची झाली की माज दाखवते, रेतन करायला डॉक्टर येतात, आणि दारात उभं राहून विचारतात, “भरवायची का?” बहुतेक ठिकाणी वय बघून हो म्हणतात. पण वय म्हणजे अंगबांधा नव्हे. पूर्ण वाढलेल्या गाईच्या वजनाच्या साठ टक्के तरी कालवडीचं वजन भरावं. आमच्या गाईंच्या हिशेबानं ते अडीचशे किलोच्या पुढे जातं. त्याआधी भरवली तर व्यायला अडते आणि पहिल्या वेतात दुधाला मार खाते. फार उशीर केला तर तेवढे महिने तिला फुकट चारायचं. दुसरं कारण औषधाचं. गोचीड-जंतांसाठी आयव्हरमेक्टिनचं एक टक्क्याचं इंजेक्शन 50 किलोला 1 मिली या हिशेबानं द्यायचं असतं. अंदाजानं कमी दिलं की जंत मरत नाहीत, वर औषधाला सरावतात.

टेप होता की घरात. छातीचा घेर इंचात घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, खांद्याच्या टोकापासून माकडहाडापर्यंतच्या लांबीनं गुणायचं आणि 660 नं भागायचं. किलोत वजन येतं. 60 इंच घेर, 50 इंच लांबी, म्हणजे 273 किलो. सूत्र वाईट नाही, खिशात मावतं, वीज लागत नाही. पण घेर वर्गात जातो. कालवडीनं श्वास घेतला, टेप जरा सैल धरला आणि 60 चे 61 इंच झाले की वजन एकदम नऊ किलोंनी वाढतं. महिन्याला पंधरा किलो वाढ शोधणाऱ्या माणसाचं नऊ किलोंच्या फरकानं काय भागणार? शिवाय टेप जो धरतो त्याच्या मनासारखं वजन येतं, असा माझा अनुभव. आमच्या ‘ह्यांनी’ मोजलेली कालवड कायम भरवायला तयार असायची.

डिसेंबरात मोशीला किसान प्रदर्शन असतं. तिथं काटे बघितले. प्रत्येक स्टॉलवर मोठ्या आवाजात एकच गोष्ट सांगितली जायची: आमचा काटा किती बारीक दाखवतो. “ताई, क्षमता दीड टन आणि 50 ग्रॅमसुद्धा दाखवतो.” ऐकायला छान. पण दीड टनाचे 50 ग्रॅमनं भाग पाडले तर तीस हजार होतात, आणि व्यापारासाठी वापरतात त्या तिसऱ्या वर्गाच्या काट्याला दहा हजारांच्या वर भाग मान्यच नाहीत. पडद्यावर बारीक आकडा आणणं सोपं आहे. तो आकडा खरा असणं वेगळं.

आणि खरा असला तरी त्याचं करायचं काय? कालवड हौदावर गेली, वीस लिटर पाणी प्याली, तर ती वीस किलोंनी जड झाली. एका महिन्याची वाढ तिनं पाच मिनिटांत पोटात घातली. कोठीपोट भरलेलं की रिकामं, शेण टाकलं की टाकायचंय, यानं वजन जेवढं हलतं त्यापुढे 50 ग्रॅम म्हणजे काहीच नाही. त्यामुळे मी मनाशी ठरवलं की बारकाव्याला पैसे द्यायचे नाहीत. 1000 किलो क्षमता, 500 ग्रॅमचा टप्पा, बस. वजन मात्र नेहमी सकाळी, धार झाल्यावर, वैरण-पाण्याच्या आधी करायचं. ही शिस्त कुठल्याही स्टॉलवर विकत मिळत नाही, म्हणून तिच्याबद्दल कुणी बोलतही नाही.

पैसे द्यायचे ते कुठे? माझं मत, पायाखाली आणि बाजूला. जनावरांच्या काट्यात वजन मोजतात ते चार कोपऱ्यांखालचे लोडसेल. गाय काही पोत्यासारखी मधोमध पडून राहत नाही. ती एका कोपऱ्यावर रेलते, उडी मारून चढते, मागचे पाय झाडते. तो धक्का एकाच सेलवर येतो. म्हणून क्षमता 1000 किलो असली तरी सेल प्रत्येकी 500 किलोचे तरी हवेतच, आणि त्याहून मोठे मिळाले तर बरं. शिवाय मूत्र, शेण, रोजचं धुणं. रंग दिलेलं लोखंड गोठ्यात किती टिकतं ते आमच्या गव्हाणीच्या पाइपांकडे बघून कळत होतं. सांगाडा जस्त चढवलेला आणि सेल पाणी न शिरणारे, एवढ्यावर मी घासाघीस केली नाही. केबल लोखंडी पाइपातून घेतली. गोठ्यात उंदीर असतात, आणि वायरीचं प्लॅस्टिक त्यांना फार आवडतं.

खरा वाद कठड्यावरून झाला. गावातल्या वेल्डिंगवाल्याचं म्हणणं, काटा जमिनीवर ठेवा, मी दोन्ही बाजूंना जमिनीत खांब रोवून खोडा करून देतो, स्वस्तात होईल. होईल ना. पण गाय त्या खांबांना टेकली की तेवढं वजन खांबांवर जातं आणि काटा कमी दाखवतो. कठडा, पुढचं फाटक, मागचं फाटक, सगळं प्लॅटफॉर्मवरच बसवलेलं असलं तर ती कुठेही रेलली तरी वजन काट्याच्या बाहेर जात नाही. रिकाम्या पिंजऱ्याचं वजन शून्य करून घ्यायचं, झालं. हाच नियम कासऱ्याला. पुढून माणूस कासरा ओढून धरतोय आणि मी आकडा वाचतेय, हे चालत नाही. दोर सैल सोडायचा. वेल्डिंगवाल्याला हे पटवायला मी त्यालाच काट्यावर उभं केलं आणि बाजूच्या भिंतीला हात टेकायला सांगितला. आकडा खाली आल्यावर तो गालातल्या गालात हसला आणि सळया प्लॅटफॉर्मवर जोडायला लागला.

डिस्प्लेची गोष्ट थोडक्यात. जनावर हलत असताना काही सेकंदांची सरासरी काढून आकडा धरून ठेवणारी सोय हवीच. ती नसेल तर 240 आणि 265 च्या मध्ये आकडे नाचत राहतात आणि शेवटी आपण मनाला येईल तो लिहितो. वीज जाते म्हणून आत बॅटरी हवी. लाल आकडे उन्हात दिसत नाहीत, म्हणून तो भाग सावलीत बसवला. मोबाइलला जोडणारं मॉडेल मी घेतलं नाही. कानातल्या पिवळ्या टॅगचा बारा अंकी नंबर असतो, त्यातले शेवटचे चार वहीत लिहिते. वही शेणात पडली तरी वाचता येते.

काटा आला त्या दिवशी नानांनी आडतीवरून शिक्क्याची 20 किलोची मापं मागून आणली. फिटरला त्यांनी चहासुद्धा आधी दिला नाही. “चारी कोपऱ्यांवर ठेवून दाव. मंग पैशाचं बोलू.” तीन मापं एकावर एक, आळीपाळीनं प्रत्येक कोपऱ्यात. तीन कोपरे 60 म्हणाले, चौथा दीड किलो कमी. फिटरनं जंक्शन बॉक्स उघडून स्क्रू फिरवले, पुन्हा मापं ठेवली, पुन्हा फिरवले, तेव्हा कुठे चारी सारखे झाले. मग आडतीवर मोजून आणलेली पेंडीची पोती एकेक चढवत 300 किलोपर्यंत गेलो. कारण हलक्या वजनाला बरोबर असलेला काटा जडाला चुकू शकतो, आणि आमची जनावरं जडच. पोती उतरवल्यावर आकडा शून्यावर परत आला, तेव्हा नाना खुर्चीवर बसले. आयुष्यभर काट्याच्या खिडकीबाहेर उभं राहिलेल्या माणसाला काट्याच्या आतल्या बाजूनं उभं राहायला मिळालं होतं, आणि त्यांनी ते पुरेपूर वसूल केलं.

जागा आम्ही धारेच्या शेडमधून मोकळ्या आवाराकडे जाणाऱ्या वाटेवर निवडली. गाई तिकडे स्वतःहून जातातच. खड्ड्यात काटा बसवला नाही, पावसात पाणी भरतं. जमिनीवर ठेवून दोन्ही बाजूंना सिमेंटचा उतार केला, उतार आणि प्लॅटफॉर्म यांत बोटभर फट ठेवून. ही फट म्हणजे डोक्याला ताप. तिच्यात खडा अडकला किंवा खाली शेण साचून घट्ट झालं की प्लॅटफॉर्म टेकतो आणि काटा कमी बोलतो. त्यामुळे आधी खालून पाणी मारायचं, मग वजनं. मध्येच एखादीनं वर शेण टाकलं तर पुढची चढवण्याआधी शून्य करायचं. तो दोन-तीन किलोंचा पोवटा पुढच्या कालवडीच्या नावावर लागायला नको.

सुरुवातीला गाई चढेनात. पत्र्याचा पोकळ आवाज त्यांना आवडत नाही. रबरी मॅट टाकली, कठड्याला खालून पत्रा मारून बाजूची हलती सावली बंद केली, दोन्ही फाटकं उघडी ठेवली आणि काही दिवस काटा नुसता रस्ता म्हणून वापरू दिला. पुढच्या टोकाला मूठभर गोळी पेंड. मग त्या आपणहून रांग लावायला लागल्या, म्हातारी गाय तर फाटक उघडायच्या आधी.

वजनं हाती आल्यावर डोळा किती फसवतो ते दिसलं. उंच, उभट कालवड सगळ्यांना मोठी वाटायची, ती 228 भरली. बुटकी, रुंद पाठीची, जिला आम्ही अजून वासरातच धरत होतो, ती 256. डॉक्टरांनी दोन्ही आकडे बघितले आणि आधी बुटकीला भरवली. नवजात वासरांना मात्र हा काटा उपयोगाचा नाही. तीस किलोंच्या वासराला झोळीत घालून लटकत्या काट्यावरच मोजते. पहिल्या दिवशीचा चीक वजनाच्या दहाव्या भागाइतका पाजायचा, म्हणून तो आकडा हवा, आणि दोन महिन्यांत तो दुप्पट होतो का ते बघायला.

आता शेजारचा शेळीवाला मागे लागलाय. बकरी ईदच्या आधी त्याला बोकड किलोवर विकायचेत, आमच्या काट्यावर मोजून देऊ का म्हणतो, जनावरामागे पैसेही द्यायला तयार आहे. मी त्याला नाही म्हटलं. घरच्या कालवडी मोजायला शिक्का लागत नाही, पण वजनावर पैशाचा व्यवहार झाला की वैध मापन खात्याचा शिक्का हवा, तोही दर वर्षी. आणि पंचवीस किलोंच्या बोकडाला अर्ध्या किलोचा टप्पा म्हणजे एकाचं नुकसान ठरलेलंच, त्याचं तरी नाहीतर गिऱ्हाइकाचं. त्याला म्हटलं, तू दीडशे किलोचा, बारीक टप्प्याचा, शिक्क्याचा वेगळा घे. कोपरे तपासायला नानांना घेऊन जा.