बिनतिकिटाचा दिवस

प्रवासाची ओढ मनुष्यास उपजतच असते, असे म्हणतात. आमचा प्रवासाशी येणारा संबंध मात्र थोडा निराळा आहे. दिल्लीतील केंद्र सरकारच्या एका कचेरीत गेली अकरा वर्षे आम्ही प्रवासाची बिले तपासत आहोत. लोक रामेश्वरास जातात, गंगटोकास जातात. आमच्या मेजावर येतात ती त्यांची तिकिटे. त्यांना समुद्र कसा दिसला, बर्फ कसे भासले, हे आम्हांस कधी कळत नाही. तिकीट जोडले आहे की नाही, एवढेच कळते. 'तिकीट जोडलेले नाही, सबब दावा अमान्य' या अर्थाचे वाक्य आम्ही इतक्या वेळा लिहिले आहे की, ते आता आमच्या बोटांना पाठ झाले आहे.

अशा आमच्यावर गेल्या वर्षी मे महिन्यात एक अख्खा दिवस तिकिटाशिवाय हिंडण्याचा प्रसंग आला.

आमचे धाकटे बंधू नोकरीनिमित्त लक्झेंबर्ग येथे असतात. धाकट्याचा संसार एकदा डोळ्यांनी पाहावा, ही आईची इच्छा. शेवटी साठवलेल्या पुंजीला हात घालून व कचेरीची रीतसर परवानगी मिळवून आम्ही निघालो. हा देश आपल्या गोव्याहूनही लहान. क्षेत्रफळ अवघे २,५८६ चौरस किलोमीटर. पण सुबत्ता अशी की, रस्त्यांवर मोटारींची दाटी मावेना. ती दाटी काही कमी व्हावी आणि गरिबाचा खर्च वाचावा, म्हणून २९ फेब्रुवारी २०२० पासून तेथील आगगाड्या, बसगाड्या व ट्रामगाड्या सर्वांसाठी विनामूल्य झाल्या. रहिवासी असो वा पाहुणा, पैसे पडतात ते केवळ आगगाडीच्या पहिल्या वर्गाला. तिकिटांचे उत्पन्न मुळात एकूण खर्चाच्या दशांशाच्याच आसपास होते. उरलेला भार तिजोरी पूर्वीपासून उचलीत होती. आमच्यासारख्या हिशेबी माणसाच्या बुद्धीला हे पटते. मनाला पटावयास मात्र वेळ लागतो.

बंधू कामावर गेल्यावर आई, आमची सौ., आठ वर्षांची कन्या व आम्ही असे चौघे दशम्यांचा डबा घेऊन व्हियांदेन या गावी निघालो. फलाटावर आईने तीनदा विचारले, "अरे, तिकिटे काढलीस ना?"

"आई, इथे तिकीट नसते."

"नसते म्हणजे? मग आपण कुठे उतरणार, हे त्यांना कळायचे कसे?"

सौ.लाही हात रिकामे वाटत होते. २०१९ च्या ऑक्टोबरात दिल्लीच्या बसमध्ये स्त्रियांना विनामूल्य प्रवास सुरू झाला, तेव्हा वाहक निदान गुलाबी तिकीट तरी फाडून देत असे. "फुकट का असेना, अहो, हातात काहीतरी असायचे," ती म्हणाली.

एटलब्रुकपर्यंत सुमारे अर्ध्या तासाची आगगाडी, पुढे तितकीच बस. चालकास नमस्कार करून माणसे चढत होती, उतरत होती. कोणी कोणास काही विचारीत नव्हते. व्हियांदेन हे ऊर नदीच्या दोन्ही तीरांवर वसलेले, जर्मनीच्या हद्दीलगतचे चिमुकले गाव. डोक्यावर जुना किल्ला. राजाने तो १८२० मध्ये एका व्यापाऱ्यास विकला आणि व्यापाऱ्याने त्याचे लाकूडसामानसुद्धा फुंकून टाकले! १९७७ मध्ये तो सरकारच्या ताब्यात आला व नव्याने उभा राहिला. कन्येने आम्हांस चढ चढावयास लावला. आई गुडघ्यांमुळे खाली पुलापाशीच बसली.

त्याच पुलाशी व्हिक्टर ह्यूगोचे घर आहे. १८७१ मध्ये पॅरिसच्या उठावातून पळालेल्यांना ब्रुसेल्समधील आपले दार उघडे आहे, असे त्याने जाहीर केले. बेल्जियम सरकारने त्यालाच हद्दपार केले. तेव्हा तो येथे येऊन राहिला. ही हकीकत ऐकून आई म्हणाली, "आलेल्याला आधी आत घ्यायचे असते रे." मग आम्ही नदीकाठी दशम्या सोडल्या.

परतीच्या गाडीत आम्ही मोकळा डबा पाहून बसलो. दारावरचा १ चा आकडा कन्येस दिसला होता, आम्हांस नाही. थोड्याच वेळात गणवेषातील एक तरुण समोर उभा राहिला. आईचा चेहरा उतरला. तो इंग्रजीत शांतपणे म्हणाला, "हा पहिला वर्ग आहे. बहुधा आपल्या लक्षात आले नसेल. पलीकडे भरपूर जागा आहे." आणि आईची पिशवी स्वतः उचलून तो पुढे चालू लागला.

जागा बदलून बसताच आईने सुस्कारा सोडला. आम्हांस मात्र एक जुने बिल आठवले.

आमच्या विभागातील एक वृद्ध शिपाई निवृत्तीच्या वर्षी पत्नीसह सरकारी सवलतीवर रामेश्वरास गेले होते. तिकिटे सदऱ्याच्या खिशात राहिली आणि धुण्यात त्यांचा लगदा झाला. तो वाळलेला लगदा त्यांनी पुडीत बांधून बिलास जोडला होता. दावा नामंजूर झाला. घेतलेली उचल व्याजासह भरावी लागली. नियम तसाच होता. पण टिपणीत आम्ही आणखी एक ओळ लिहिली होती : 'प्रवास प्रत्यक्षात झाला किंवा कसे, याविषयी संशयास जागा आहे.' ती ओळ कोणत्याही नियमाने मागितली नव्हती. दावा नियमाने फेटाळला. संशय आमच्या पदरचा होता. त्या तरुणापाशी आमच्याविषयी संशय घेण्यास याहून अधिक जागा होती. त्याने ती रिकामी ठेवली.

दिल्लीस परतल्यावर आम्ही त्या गृहस्थांना दूरध्वनी केला. ते आता गढवालातील आपल्या गावी असतात. क्षमेचे शब्द जुळवून ठेवले होते. पण त्यांनीच आमच्या प्रवासाची चौकशी आरंभिली. तिथे समुद्र आहे का? नाही म्हणताच ते रामेश्वरच्या समुद्राविषयी बोलू लागले. अग्नितीर्थावर त्यांची पत्नी पाण्याबाहेर यावयास तयार होईना. मग ओलेत्यानेच देवळातील २२ तीर्थांचे स्नान झाले. ते बोलत राहिले, आम्ही ऐकत राहिलो. आमच्या शब्दांना वाव मिळाला तो फार उशिरा. "त्या टिपणीतील शेवटची ओळ मी लिहावयास नको होती," एवढेच आम्हांस बोलता आले. पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग त्यांनी तिथल्या तिकिटाचा दर विचारला. तिकीटच नसते, असे आम्ही सांगितले.

ते पुष्कळ वेळ हसले. म्हणाले, "तो साहब, आपने साबित कैसे किया कि आप गए थे?"