चेंडूएवढं झाड

थोरल्यानं पुण्याहून कुंडीतलं झाड आणलं. चेंडूएवढं गोल, अंगावर शिवणीसारख्या आठ रेघा, काटा नाही. नाव युफोर्बिया ओबेसा, गाव दक्षिण आफ्रिकेतला कारूचा कोरडा माळ. तिथं लोकांनी इतकी उपटून नेली, की आता कायद्यानं राखावी लागतात. नख लागलं तर पांढरा चीक आला. म्हटलं, हा तर आपल्या बांधावरच्या शेराचा भाऊबंद! मुरमाड मातीत लावलं. माती पार वाळल्याबिगर पाणी घालू नका, असं बजावून पोरगं गेलं.

पण हिला राहवेना. ७२च्या दुष्काळात पोरवयात मैलभर लांबून कळशी वाहिलेली बाई. भांडी घासली की रोज तांब्याभर पाणी कुंडीत. आषाढात झाड बुडातून मऊ पडलं.

“पाणी कमी पडलं जणू,” ही म्हणाली.

मी नुसतं हं केलं.